हाड जुळले, हात अडकला!

दोन महिन्यांपूर्वी एका आजींचे प्लॅस्टर काढले. ओट्यावरून उतरताना पाय घसरून त्या तळहातावर पडल्या होत्या. मनगटाजवळचे हाड मोडले होते. एक्स-रे पाहून मी म्हणालो, ‘‘आजी, हाड छान जुळलंय.’’ त्या म्हणाल्या, ‘‘जुळलं असेल हो डॉक्टर, पण मला अंबाडा घालता येत नाही.’’

सहा आठवडे त्यांनी हात झोळीत छातीशी धरून ठेवला होता. बोटे ताठरली, खांदा आखडला. चूक माझी होती. ‘बोटे हलवत राहा’ एवढेच मी घाईत सांगितले. कशी, किती वेळा, आणि कोपर व खांद्याचे काय, हे सांगितलेच नाही.

हाड जुळणे आणि हात चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे काम फिजिओथेरपिस्टचे. पण आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे ‘शेक आणि करंट’ असाच समज. यंत्राने फार तर वेदना कमी होते. खरे औषध म्हणजे रोज मोजून-मापून केलेला व्यायाम. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ पासून हे शास्त्र शिकवले जाते. पदवीला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. २०२१ साली या व्यवसायासाठी केंद्राचा कायदाही झाला. तरीही आपण आधी मालिशवाल्याकडेच जातो.

अर्धांगवायूत तर हे फार महागात पडते. लुळ्या हाताला धरून रोग्याला ओढून उठवले, तर खांदा सांध्यातून निसटू शकतो. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. नेमके तेच दिवस आपण ‘विश्रांती’त घालवतो.

माझे स्पष्ट मत आहे, की प्लॅस्टर घालतानाच व्यायामाची चिठ्ठी रोग्याच्या हाती पडली पाहिजे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा, आणि त्यासाठी नागरिकांनी आग्रह धरला पाहिजे.

आजी आता अंबाडा घालतात. हात पाठीमागे मात्र अजून पुरता जात नाही. सुरुवातीलाच नीट सांगितले असते, तर बहुधा ही वेळ आली नसती. तुमच्या घरी कोणाला प्लॅस्टर असेल, तर आजच डॉक्टरांना विचारा, ‘‘व्यायाम कोणते करायचे?’’