दुखणं खरं, टक्केवारी शून्य

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजार विड्यांच्या हिशेबावर चालतो. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली. पानं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. पूर्व भागातल्या पद्मशाली बायकांप्रमाणे आपल्या वस्त्यांतल्या बायकांनीही पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं आहे. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्या कमरेचं, मानेचं आणि बोटांचं काय होतं, हे आम्ही रोज पाहतो.

अशाच एका मावशींना दिव्यांग प्रमाणपत्र नाकारलं गेलं. तासभर बसता येत नाही, रात्री कूस बदलताना जाग येते, विडीचं काम सुटलं. पण तपासणीनंतर हाती आलं ते ‘शून्य टक्के’. प्रमाणपत्र नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेतला दिव्यांगाचा अर्जही पुढे गेला नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, “फोटोत काय दिसत नाय म्हनले. आता दुखनं फोटोत कसं दिसंल रे बाळा?”

हा प्रश्न साधा वाटतो, पण व्यवस्थेची गाठ नेमकी इथेच आहे.

पाठीच्या कण्याच्या दुखण्यासाठी सरकारी मूल्यमापनाचा एक तक्ता आहे. २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तो आला आणि २०१८ च्या अधिसूचनेतही राहिला. रुग्ण दुखतं म्हणतो, पण स्नायूंची आकडी नाही आणि रचनेतला बिघाड दाखवता येत नाही, तर शून्य टक्के. दुखणं, सततची आकडी, ताठरपणा आणि एक्स-रेमध्ये सौम्य बदल असेल तर २० टक्के. मध्यम बदलाला २५. मान, पाठ किंवा कंबर यांपैकी एका भागात तीव्र बदल असेल तर ३०. संपूर्ण कणा तसा असेल तर ४०.

आता योजनांची अट बघा. संजय गांधी योजनेत दिव्यांग म्हणून लाभ मिळायला किमान ४० टक्के लागतात. म्हणजे ज्या बाईची फक्त कंबर पूर्ण निकामी झाली आहे, ती या तक्त्यानुसार ३० वरच थांबते. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तीवेतनाला तर ८० टक्के लागतात आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. राज्याने २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान १५०० वरून २५०० रुपये केलं, हे चांगलंच झालं. पण वाढलेली रक्कम दारातच अडवलेल्या माणसाच्या हाती पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळालं आहे. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकार मोजतो. दीर्घकालीन वेदना हा त्यातला स्वतंत्र प्रकार नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. अर्ज नाकारला तर वैद्यकीय प्राधिकरणाने लेखी कारण देणं नियमांनी बंधनकारक आहे. त्या निर्णयाविरुद्ध कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलाला मुदत असते, म्हणून नकाराचा कागद मिळाला त्याच दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, ‘खूप दुखतं’ एवढ्यावर अपील टिकत नाही. प्रत्येक तपासणीचा केस पेपर जपा. डॉक्टरांना आकडी, ताठरपणा, हालचालीची मर्यादा कागदावर नोंदवायला सांगा. नस दबून पायात किंवा हातात कमजोरी आली असेल, तर तिचं मोजमाप वेगळं होतं, ते मागा. किती वेळ बसता येतं, किती चालता येतं, कोणतं काम सुटलं, याची महिनाभराची साधी नोंद वहीत ठेवा. आणि वाढवून काही लिहू नका. खोटेपणाने लाभ घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तिसरी गोष्ट, वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार नेता येते.

न्यायालयाने एक दार थोडं उघडलेलं आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलं. कायद्यातली ‘दिव्यांग व्यक्ती’ ही व्याख्या ४० टक्क्यांपेक्षा व्यापक आहे, असं न्यायालयाने सांगितलं. या निकालाने पेन्शन मिळत नाही, हे खरं. पण टक्केवारीच्या खाली राहिलेला माणूस ठणठणीत असतो, हा समज त्याने मोडला.

बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं २०२४ पासून गाजत आहेत. पडताळणी व्हायलाच हवी. मात्र ज्याच्याकडे ओळख आणि पैसा आहे तो बनावट कागद मिळवतो, आणि त्यातून वाढलेल्या संशयाची किंमत मावशी मोजतात, हे आपण बोललं पाहिजे.

बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी फार छळलं. त्यांच्या हातून घडलेल्या संविधानात अनुच्छेद ४१ आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार साहाय्य करावं, असं तो सांगतो. ही मदत म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. विनयपिटकात आजारी भिक्खूची कथा आहे. सगळ्यांनी दुर्लक्षिलेल्या त्या भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली. दुखणं किती टक्के, हे त्यांनी आधी विचारलं नाही.

म्हणून युवकांना दोन कामं सुचवतो. रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल लावा, नाकारलेले अर्ज गोळा करा, कागद लावून द्या, अपील लिहून द्या. दुसरं काम मोठं आहे: हा तक्ता बदलण्याची मागणी. एक्स-रेबरोबर माणूस काय करू शकत नाही तेही मोजा, आणि विडी, यंत्रमाग, बांधकाम अशा कामांनी झिजलेल्या शरीरांचा निकषांत विचार करा. एकेकाचं अपील जिंकून एकेक घर सावरेल. तक्ता बदलला तर पुढच्या मावशीला अपिलाची वेळच येणार नाही.

मावशींचं अपील आम्ही दाखल केलं आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. पण या वेळी त्यांच्या नकाराचं कारण कागदावर आहे, आणि सोबत त्यांची महिनाभराची वहीही.