काडी कोणी लावली?

हिवाळ्यात भल्या सकाळी पुण्याजवळच्या खराडी भागातून फेरी मारलीत, तर रस्त्याच्या कडेला एखादा ढीग धुमसताना दिसेल. त्यात वाळलेली पाने असतात, कागद असतात आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्याही असतात. "थोडासा पाचोळा जाळला तर काय बिघडले? गावाकडेही जाळतात," असे कोणी म्हणेल. खरे आहे. मावळात आणि कोकणात भाताचे बी पेरण्यापूर्वी शेतकरी राब भाजतात. पण ते मोकळ्या रानात, आणि राबात शेण, पाला, गवत असते. खराडी आता खेडे राहिलेले नाही. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत आले. शेतांच्या जागी उंच इमारती झाल्या. एका ढिगाचा धूर आता कितीतरी खिडक्यांतून घरांत शिरतो.

थंडीत रात्री जमीन गार होते. तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते व खालीच राहते. धूर तिच्यात अडकतो. दम्याच्या रोग्याला तो सोसवत नाही. त्यात प्लॅस्टिक जळत असेल, तर धुरात विषारी द्रव्येही मिसळतात.

म्हणूनच कायद्याने यावर बंदी आली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला.

दंड योग्यच आहे. पण तो भरायचा कोणी? आवार झाडणाऱ्या मावशींना हुकूम असतो, "नऊच्या आत सगळे साफ दिसले पाहिजे." पाने ठेवायची कुठे, हे कोणी सांगत नाही. पोते देत नाही, खड्डा खणून देत नाही. मग त्या काडी लावतात. पाच हजार रुपये हा त्यांचा कित्येक दिवसांचा पगार! माझे स्पष्ट मत आहे की, दंड हुकूम देणाऱ्याकडून घ्यावा.

रखवालदाराचेही तसेच. तो रात्रभर फाटकाशी बसतो. त्याला "शेकोटी विझव" म्हणणे फार सोपे आहे. दिल्लीत हवा बिघडते तेव्हा रखवालदारांना विजेची शेगडी द्या, असे सरकारच रहिवासी संघांना बजावते. आपल्याकडे ते का होऊ नये?

आणि पाने तरी जाळायची कशाला? जाळली की त्यांतला नायट्रोजन धुरावाटे उडून जातो आणि मूठभर राख उरते. त्याऐवजी ती खड्ड्यात टाकावी, वर थोडी माती व शेणकाला घालावा आणि ओल टिकवावी. काही महिन्यांत काळे, भुसभुशीत खत मिळते. जागा नसेल तर पाने झाडांच्या बुंध्याभोवती पसरावी. जमिनीतली ओल टिकते, पाणी कमी लागते. पुण्यातल्या 'ब्राउन लीफ' या उपक्रमाने तर ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, अशा लोकांची गाठ घालून दिली.

मोकळ्या जागेतले वाळलेले गवत पेटलेले दिसले, तर स्वतः पुढे धावू नका. मोठ्यांना हाक मारा आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवा. ढीग नुसताच धुमसत असेल, तर मावशींवर ओरडू नका. तुमच्या इमारतीच्या चिटणीसांकडे जा आणि अदबीने विचारा, "मावशींनी पाने ठेवायची कुठे?"