अष्टमान लेखन आणि शाळेतील गणित

संख्यांचे गुणधर्म म्हणून शाळेत जे शिकविले जाते, त्यातील कोणते खुद्द संख्येचे आणि कोणते केवळ आपल्या दशमान लेखनरीतीचे, हा भेद विद्यार्थ्याला सहसा स्पष्ट करून सांगितला जात नाही. आणि गणिताच्या शिक्षणातील हे उणेपण मला फार मूलगामी वाटते.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला वाशीम जिल्हा ज्या साली अस्तित्वात आला, ते १९९८ हे सालच उदाहरणादाखल घ्यावे. आठाच्या पायावर ते ३७१६ असे लिहिले जाते. कारण तीन वेळा ५१२, सात वेळा ६४, एक वेळ ८ आणि वर ६ मिळून तीच संख्या होते. या अंकांची बेरीज १७; तिला सातने भागले तर बाकी तीन, आणि मूळ १९९८ ला सातने भागले तरी बाकी तीनच! आठाला सातने भागता एक उरतो, म्हणून ६४ व ५१२ यांनाही भागता एकच उरतो, आणि म्हणून अंकांची नुसती बेरीज सातचा निवाडा करते. दशमानात नऊची कसोटी चालते ती याच न्यायाने. नऊच्या अंगी काही अलौकिक गुण आहे म्हणून नव्हे, तर तो दहाच्या अलीकडचा अंक आहे म्हणून.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली प्रसिद्धीस आणलेली ६१७४ ही संख्या या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगी आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास शेवटी ६१७४ येते, हा चमत्कार सर्वस्वी दशमानाचा होय. अष्टमानात तीच संख्या १४०३६ अशी पाच अंकी होते आणि तो चमत्कार मावळतो. परंतु तिची सातने होणारी विभाज्यता मावळत नाही, उलट अंकांची बेरीज १४ येत असल्याने ती दृष्टीस पडते. लेखन पालटले तरी जे टिकते ते संख्येचे, हे कापरेकरांविषयी नितांत आदर बाळगूनच म्हणावयाचे आहे.

दहाखेरीज अन्य पायावर मोजण्याची कल्पना आपल्या पूर्वजांच्या व्यवहाराला परकी नव्हती. शेराचे निम्मे मापटे, त्याचे निम्मे चिपटे आणि त्याचे निम्मे कोळवे, अशा तीन दुभागण्यांत शेराचे आठ भाग होत. एक मापटे व एक कोळवे धान्य म्हणजे शेराचे पाच अष्टमांश. मापटे आहे, चिपटे नाही, कोळवे आहे, ही नोंद द्विमानात १०१ अशी होते आणि अष्टमानात ५ या एकाच अंकात सामावते. संगणकाच्या द्विमान आकड्यांचे तीन-तीनांचे गट करून ते अष्टमानात लिहिण्याची वहिवाट याच नात्यावर उभी आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढे शेर जाऊन किलो आला, ही सुधारणा योग्यच होती. मात्र सोळा आण्यांच्या हिशेबाबरोबर, दहाखेरीज अन्य पायावर विचार करण्याची सवयही मुलांच्या हातून सुटली.

वाशीमची गणना २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांत होते आणि शाळांतून संगणकाची मागणी रास्तपणे केली जाते. यंत्रे येतील तेव्हा येतील. पण जिल्हा परिषदेच्या शाळांत सातवीच्या वर्गाला आठाच्या पायावर चार-सहा तासिका देण्याची तजवीज शिक्षण खात्याने येत्या सत्रातच करावी, कारण तिला खडू आणि फळा यांपलीकडे कसलीही मंजुरी लागत नाही.