वाळवंटातून डोंगरावर जाताना

वाचकहो, मुलांकडे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उन्हाळा घालवणाऱ्या आजी-आजोबांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘मुले डोंगरावर न्यायचे म्हणतात, या वयात जावे का?’ बहुतेकांना माझे उत्तर ‘अवश्य जावे’ असेच असते. मात्र निघण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्याव्यात.

टूसॉन शहरात जूनमधील दुपार ३८ अंशांच्या पुढे जाते. जवळच सांता कॅटलिना पर्वतरांगेत माउंट लेमन हे २,७९१ मीटर उंचीचे शिखर आहे. या नावाचा लिंबाशी संबंध नाही. १८८१ मध्ये येथे चढून गेलेल्या सारा लेमन या वनस्पती-अभ्यासिकेचे ते नाव. सुमारे ४३ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता वर नेतो. पायथ्याशी हात उंचावून उभे असावेत असे साग्वारो निवडुंग दिसतात, मग ओक आणि शेवटी पाइन व फर वृक्षांची दाट सावली. वर तापमान १० ते १५ अंशांनी कमी असते. उकाड्याने घरात कोंडलेल्या जिवाला हा बदल औषधासारखा वाटतो.

या प्रवासातील खरा धोका डोंगरापेक्षा पाण्याच्या कमतरतेचा अधिक आहे. आपल्याकडे कोकणात घाम अंगावर दिसतो. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो क्षणात सुकतो. त्यामुळे शरीरातून पाणी जात आहे हेच लक्षात येत नाही. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते आणि वरच्या गार वाऱ्यात ती आणखी विसरते. त्यातच, ‘वाटेत लघवीला लागेल, मुलांची गैरसोय होईल’ या संकोचाने अनेक ज्येष्ठ सकाळपासूनच पाणी तोडतात. मग रक्तदाबाची गोळी घेतलेली व्यक्ती देखावा पाहण्यासाठी गाडीतून चटकन उतरते, रक्तदाब एकदम घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खुब्याचे हाड मोडते.

म्हणून मुला-सुनांना, लेकी-जावयांना माझी विनंती : ‘आई, थांबायचे आहे का?’ असे विचारू नका. विचारले की उत्तर ‘नको’ असेच येते. न विचारता थांबा. विंडी पॉइंटसह वाटेतील अनेक थांब्यांवर स्वच्छतागृहे आहेत. दर थांब्याला थोडे पाणी, ताक किंवा लिंबू-सरबत द्या. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिले जाते, त्यांनी प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ त्या दिवशी बदलता येईल का, हेही विचारावे; गोळी स्वतःहून वगळू नये.

आता उंचीविषयी. वरचे समरहेवन हे गाव महाबळेश्वराहून जवळजवळ एक हजार मीटर उंच आहे. तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे चतुर्थांशाने कमी असतो. किंचित धाप लागणे स्वाभाविक आहे, सावकाश चालावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, तसेच हृदय किंवा फुफ्फुसांच्या विकारामुळे बसल्या जागी धाप लागणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना जाऊ नये. छातीत दुखले किंवा विश्रांतीनेही धाप कमी झाली नाही, तर रुग्णाला चालवू नका आणि विनाविलंब ९११ वर मदत मागा. मात्र डोंगरावर फोन सर्वत्र लागेलच असे नाही. तो लागत नसेल, तर मदत मिळेल अशा जवळच्या ठिकाणी गाडीने न्यावे.

आणखी काही सूचना :

• ज्येष्ठांना पुढच्या आसनावर बसवा. नजर दूर रस्त्यावर असली की मळमळ कमी होते. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी उलटीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. काही गोळ्यांनी लघवी अडते.

• उतरताना आधी पाय बाहेर टेकवून क्षणभर बसा, मग उठा.

• इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. माणसांना तर मुळीच नाही.

• स्वेटर, टोपी, खाऊ आणि पुरेसे पाणी जवळ ठेवा. पेट्रोल शहरातच भरा. वर पंप नाही.

परतताना शरीर पुन्हा भट्टीत शिरते. दुपार टाळून, ऊन कलल्यावर पण उजेड असतानाच उतरा. घरी आल्यावर कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला आणि अंग तापलेले असेल, तर तो थकवा समजू नका. तो उष्माघात असू शकतो. ९११ वर फोन करा. मदत येईपर्यंत अंग ओले करून वारा घाला, आणि शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आजी-आजोबांनो, लेकरांना गाडी थांबवायला सांगणे म्हणजे त्यांना त्रास देणे नव्हे. निःसंकोच पाणी प्या आणि निःसंकोच थांबा.