उशीर कुणाच्या खाती?

जून उजाडला की आपल्याकडे पाऊस आणि शाळा हातात हात घालून येतात. छत्र्या, नवी दप्तरे, वह्यांची तपकिरी कव्हरे आणि त्यांच्याबरोबर घरात येते ती शाळेची डायरी. सांगलीतल्या एका कॅथॉलिक मिशनच्या हायस्कुलात जाणाऱ्या माझ्या नातवाची डायरी मी यंदा पहिल्या पानापासून वाचली. बँकेत पस्तीस वर्षे परिपत्रके वाचण्यात गेल्यामुळे नियमांची पाने मला कंटाळवाणी वाटत नाहीत. हजेरी आणि वक्तशीरपणा यांना त्या डायरीत दोन पाने होती. पहिल्या घंटेआधी पाच मिनिटे आवारात असावे. दुसऱ्या घंटेनंतर फाटक बंद होईल. महिन्यात तीनदा उशीर झाल्यास पालकांना बोलावले जाईल. गैरहजेरीचे कारण पालकाच्या सहीने लिहून आणावे. लांब सुटीच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी रजा मिळणार नाही. घरचे लग्नकार्य हे कारण धरले जाणार नाही.

हे नियम मला एकंदरीत आवडले. कॉन्व्हेंट शाळांविषयी आपल्या मध्यमवर्गात जे आकर्षण आहे त्यात इंग्रजीचा वाटा मोठा असला तरी घंटेचाही आहे. या शाळा चालवणाऱ्या फादर-सिस्टरांचे स्वतःचे आयुष्यच घंटेवर चालते. पहाटेची प्रार्थना, दुपारची, सायंकाळची, हा क्रम युरोपातल्या मठांनी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी घालून दिला. गावाला वेळ सांगणारी मोठी घड्याळेही तिकडे पुष्कळदा चर्चच्या मनोऱ्यांतूनच बोलू लागली. आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला ख्रिस्ती भगिनींचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून चालू आहे. जी माणसे स्वतः घंटेला उठतात, त्यांनी मुलांकडून वेळेची अपेक्षा केली तर त्यात ढोंग नसते.

खटकले ते निराळेच. त्या दोन पानांतल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता 'विद्यार्थी' होता. विद्यार्थ्याने यावे, थांबावे, आणावे, दंड सोसावा. आता सातवीतल्या मुलाचा सकाळचा वेळ बघा. गजर लावते आई, पाणी तापवते आजी, डबा भरते आई, रिक्षा आणतो रिक्षावाला काका, आणि रेल्वे फाटक बंद ठेवतो रेल्वेचा माणूस. या सगळ्या साखळीत मुलाच्या हातात फार तर बुटाच्या नाड्या असतात. साखळीतली कोणतीही कडी निसटली, तरी फाटकाबाहेर उभे राहायचे ते मुलानेच.

बँकेत आमचे मस्टर असे. ठरलेली वेळ टळली की अधिकारी त्यावर लाल रेघ ओढत, आणि तीन लाल रेघांना एक किरकोळ रजा कापली जाई. कुणी कुरकुर केली तर जुने हेडकॅशियर म्हणत, "साहेब, पगार घेता ना? मग वेळ बँकेची." हे बरोबरच होते. आम्ही मोठी माणसे होतो, पगार घेत होतो, घर कुठे घ्यायचे आणि किती वाजता निघायचे हे आमचे आम्ही ठरवत होतो. मोठ्यांचा हा करार आपण मुलांना जसाच्या तसा लावतो, तेव्हा हिशेबात गोंधळ होतो. नावे एकाच्या खात्यावर टाकायची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

हा गोंधळ किती टोकाला जाऊ शकतो हे नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत दिसले. शाळेत उशिरा आली म्हणून सहावीतल्या एका मुलीला दप्तर पाठीवर असताना शंभर उठाबशा काढायला लावल्या, असा आरोप झाला. आठवडाभरात ती मुलगी रुग्णालयात वारली आणि पोलिसांनी शिक्षिकेवर गुन्हा नोंदवला. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली. ती बंदी येऊन दीड दशक लोटल्यावरही उशिरासाठी उठाबशा हा विषय बातमीत यावा, यातच पुष्कळ काही आले. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आहे. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंकाही व्यक्त केली. ते काहीही असो, मुलाशी क्रौर्याने वागणे हा बालन्याय कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो कायदा कोणत्याही संस्थेला वगळत नाही.

आपल्या भागातल्या थोर माणसांनी हजेरीचा हिशेब कसा मांडला होता, हे यानिमित्ताने आठवावेसे वाटते. मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे घराणे असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली, की निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात ते केलेही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. त्यात मूल शाळेत न पाठवल्यास महिना एक रुपया दंड होता, आणि तो भरायचा होता आईबापाने. सक्ती होती, दंड होता, पण तो मुलाच्या नावे नव्हता. महाराजांनी कर्ता बरोबर निवडला होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. खेड्यातला मुलगा शाळेत का येत नाही, हे अण्णांनी आधी विचारले. उत्तर साधे होते: शाळा लांब, घरी खायला नाही, हाताला काम. म्हणून त्यांनी वसतिगृह काढले, मुलांना कष्ट करून शिकण्याची सोय केली, सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. साताऱ्यातल्या त्या बोर्डिंगचे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. गैरहजेरीवरचा अण्णांचा उपाय म्हणजे शाळेच्या दारात जेवणाचे ताट.

आता आजच्या साताऱ्यात या. जावळी तालुक्यात कोयनेच्या जलाशयाकाठी खिरखंडी नावाचे गाव आहे. तिथल्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडत आणि पुढे काही किलोमीटर जंगलातून चालत. जानेवारी २०२२ मध्ये ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयात न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. या मुलींना एखाद्या दिवशी दहा मिनिटे उशीर झाला असता, तर लाल रेघ कुणाच्या नावापुढे ओढायची? न्यायालयाने ती सरकारच्या नावापुढे ओढली आणि मला वाटते, हजेरीच्या प्रश्नावर अलीकडे दिला गेलेला हा सर्वांत नेमका निवाडा आहे.

सांगलीची गोष्ट उसाची. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून आणि आपल्याच जत, माण, खटावमधून कोयते कृष्णाकाठी येतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तेव्हा न येऊन भागत नाही. पाडव्याच्या आगेमागे ते परततात. आता गणित करा. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला राज्य मंडळाची ७५ टक्के उपस्थितीची अट. २२० चे ७५ टक्के म्हणजे १६५. चुकवता येतात ते ५५ दिवस. आईबापांबरोबर फडात गेलेल्या मुलाचे शंभराच्या घरात दिवस जातात. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक, असे उपाय सरकारदरबारी आहेत आणि चांगले शिक्षक ते कसोशीने राबवतातही. तरी पाचटाच्या कोपीबाहेर धाकट्या भावंडाला खेळवणारी शाळकरी पोर हंगामात आजही दिसते. दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया भत्ता देण्याची योजना राज्याने १९९२ मध्ये आणली. हेतू उत्तम. पण रुपया तोच राहिला आणि फडातली मजुरी वाढत गेली.

दुसऱ्या टोकाला बघा. अकरावी-बारावीला प्रवेश एका महाविद्यालयात आणि दिवसभर मुक्काम शहरातल्या खासगी क्लासमध्ये, ही पद्धत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. त्या मुलांची ७५ टक्के कागदावर आपोआप भरतात. राज्य सरकारला २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटाचा ठसा घेऊन हजेरी सक्तीची करावी लागली ती यामुळेच. २०२४ मध्ये केंद्रीय मंडळाने दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता काढली, कारण अचानक तपासणीत पटावरची मुले वर्गात नव्हती. म्हणजे ज्याच्या बापाला लाखाची फी परवडते तो न येताही हजर, आणि ज्याची आई मोळ्या बांधते तो येण्याची इच्छा असूनही गैरहजर. बँकेत असला ताळेबंद कुणी पुढे ठेवला असता तर तपासनिसाने तो सहीविना परत केला असता.

मग नियम काढून टाकायचे का? मुळीच नाही. हजेरी ढिली पडली की सर्वांत आधी गरिबाचे मूल निसटते, श्रीमंताच्या मुलाला शिकवणी असते. नियम हवेत, फक्त त्यांचा कर्ता तपासून घ्यायला हवा. उशिरा आलेल्या मुलाला आधी वर्गात बसवावे आणि कारण मागाहून विचारावे. फाटकाबाहेर उभे करून त्याचा पहिला तास बुडवण्यात कुणाचा वक्तशीरपणा वाढतो? हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणेशेजारी कारणाचा रकाना असावा आणि महिन्याअखेर मुख्याध्यापकांनी तो वाचावा. एकाच एस.टी.ने येणारी दहा मुले रोज उशिरा येत असतील, तर चिठ्ठी आगारप्रमुखांना जायला हवी. २०२१-२२ च्या संपात एस.टी. काही महिने बंद होती, तेव्हा आपल्या खेड्यांतली हजेरी चाकांवर किती अवलंबून आहे हे आपण पाहिलेच आहे.

आणि आपण पालक? राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न काढला. पाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. पुष्कळ घरांनी त्याचा अर्थ रात्री आणखी तासभर दूरदर्शन संचापुढे बसता येईल असा घेतला. डायरीत 'ताप होता' असे लिहून मुलाला लग्नाच्या वऱ्हाडात नेणारेही आपणच. मुलाच्या देखत केलेल्या त्या खोट्या सहीने त्याला जे शिकवले जाते, ते पुसायला कोणत्याही सिस्टरची घंटा पुरी पडणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्याच मोहित्यांचे वडगावने याचे उत्तर दिले आहे. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. तो वाजला की दीड तास घरोघर टी.व्ही. आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे. यात मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की मालिका अर्धी टाकून उठायचे ते मोठ्यांनी. गावाने शिस्त आधी स्वतःला लावून घेतली.

शाळांनी पुढच्या जूनला डायऱ्या छापायला देण्याआधी त्या दोन पानांत एक तिसरे पान घालावे. मथळा असावा 'पालकांनी व शाळेने पाळायचे वेळेचे नियम'. शिक्षक वर्गात किती वाजता येतील, शाळेची बस चुकली तर जबाबदारी कुणाची, मूल सलग तीन दिवस आले नाही तर घरी कोण जाईल, हे त्यात स्वच्छ लिहावे आणि खाली मुख्याध्यापकांची आणि पालकांची सही असावी. मुलाची सही त्या पानावर नसली तरी चालेल.