पेटीवरचे वर्ष आणि पेटीचे वय

पेढीवरील जुनी वही उघडताच जाणता व्यापारी नोंदीइतकेच लक्ष तिच्या पुराव्याकडे देतो. सायकल-शर्यतीचे जुने पटखेळ जमविणाऱ्या संग्राहकासही हीच सवय जडवून घ्यावी लागते. पेटीच्या वयावर तिचे मोल ठरते आणि वय सांगताना दहा-वीस वर्षे वाढविण्याचा मोह विकणाऱ्यास व घेणाऱ्यास सारखाच असतो.

या खेळांचा उगम युरोप-अमेरिकेतील सायकलीच्या वेडात आहे. कोव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही जवळपास सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल पुढे आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली, तशी रस्त्यावरची शर्यत दिवाणखान्यातील पटावरही आली. फासा टाकावा, तितकी घरे पुढे जावे, वाटेत अपघात झाला तर मागे यावे, असा हा साधा खेळ.

वय ठरविताना पटावरील चित्र पहिली साक्ष देते. पुढचे चाक भले मोठे आणि मागचे इवलेसे असेल, तर चित्रकाराच्या डोळ्यांपुढे जुनी उंच सायकल होती. टायर पंक्चर झाल्याचा दंड एखाद्या घरात लिहिला असेल, तर तो पट १८८८ पूर्वीचा असणे कठीण. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली, तर आघाडीच्या स्वाराची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली. त्या शर्यतीच्या पटावर पिवळी जर्सी मिरविणारा स्वार छापलेला असेल, तर तो पट त्याआधीचा कसा असेल?

मात्र या साक्षीला मर्यादा आहे. चित्र ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगते. ‘याच्या नंतरचे नाही’ हे सांगत नाही. जुनी चित्रे पुढे अनेक वर्षे पुन्हा छापली जात. झाकणावरील स्वामित्वहक्काच्या वर्षाचेही तसेच आहे. ते हक्क नोंदविल्याचे वर्ष, पेटी तयार झाल्याचे नव्हे.

दुसरी मर्यादा निर्मात्याच्या नावावरून मिळते. सुंदर रंगीत शिळाछापाच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेली न्यूयॉर्कची मॅक्लॉक्लिन ब्रदर्स ही पेढी १९२० मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने विकत घेतली. केवळ जुन्या पेढीचे नाव आणि तिचा न्यूयॉर्कचा पत्ता असलेली पेटी म्हणूनच बहुधा त्याआधीची मानली जाते. याहून बोलका पुरावा म्हणजे झाकणाच्या आतील बाजूस पेन्सिलीने लिहिलेले एखाद्या मुलाचे नाव आणि नाताळचे वर्ष. अक्षर व शिसे खरोखर त्या काळचे असेल, तर त्या वर्षी तो खेळ कोणाच्या तरी हाती होता, हे त्यातून कळते. पेटी ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून अशी ओळ खोडणारा विक्रेता आपल्याच मालाची पावती फाडत असतो.

नक्कल ओळखण्यास भिंग व दिवा पुरेसे होतात. शिळाछापातील ठिपके अनियमित असतात. आधुनिक छपाईत ते शिस्तीने ओळीत मांडलेले दिसतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर झळकला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झालेली उजळविणारी द्रव्ये असण्याचा संभव मोठा.

सर्वांत नाजूक प्रश्न सोंगट्यांचा आहे. शिशाचा इवला सायकलस्वार हरवतो आणि दुसऱ्या पेटीतील स्वार त्याच्या जागी उभा राहतो. खेळ पुरा करण्यासाठी असे करण्यात गैर काहीच नाही. न सांगता तो मूळ संच म्हणून विकणे मात्र गैर. म्हणून चांगला संग्राहक प्रत्येक पेटीसोबत एक चिठ्ठी ठेवतो. पट मूळचा, फासा नंतरचा, एक स्वार बदललेला, काळ अमुक वर्षानंतरचा, असे तिच्यात लिहिलेले असते. अशा चिठ्ठीने पेटीची किंमत थोडी उतरत असेल. पण ती पाहून घेणारा पुढच्या वेळी त्याच दारी येतो, आणि मूळ मालकाच्या पश्चात पेटी उघडणाऱ्या नातवंडांनाही तिच्याविषयी काय खरे मानावे हे कळते.