कॉक्लिअर इम्प्लांट झाले, मूल बोलणार कधी?

ठरलेल्या उत्पन्न मर्यादेतील कुटुंबांच्या कर्णबधिर मुलांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळू लागले, ते २०१४ पासून. मदतीची मर्यादा तेव्हा ६ लाख रुपये होती, पुढे ती ७ लाख झाली. वर्षाला ५०० मुले असे उद्दिष्ट ठरले आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे काम सोपवले गेले. शेतमजुराच्या लेकराला एवढे महागडे यंत्र मिळते, ही लहान गोष्ट नाही. पण बातमीत आकडा येतो तो शस्त्रक्रियांचा. त्यातली किती मुले दोन वर्षांनी वाक्य बोलू लागली, हे कोणी छापत नाही. भोकर, किनवट, हिमायतनगर भागातल्या पालकांसाठी महत्त्वाचा आकडा मात्र तोच आहे.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. इम्प्लांटचे काम वेगळे. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे विद्युत संकेत करतो आणि कातडीखाली बसवलेला भाग ते आतल्या कानातल्या बारीक तारेमार्फत थेट श्रवणाच्या नसेपर्यंत पोचवतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्या दिवशी मूल तीन वर्षांचे असले, तरी त्याचे ऐकण्याचे वय शून्य असते. ऐकू येणारे बाळसुद्धा पहिला शब्द बोलण्याआधी वर्षभर नुसते ऐकत असते. म्हणून महिन्याभरात 'ऑपरेशन फेल गेले' असे म्हणणाऱ्या आजी-आजोबांना मी थांबायला सांगतो.

वय मात्र थांबत नाही. मेंदूतला ऐकण्याचा भाग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वांत वेगाने घडतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील १९९८ च्या अभ्यासात, ज्या बाळांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत सापडला आणि लगेच उपाय सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा ठळकपणे चांगली निघाली. एडिपमध्येही जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलासाठी पाच वर्षांची अट आहे. आपल्याकडे ही वर्षे दोन गोष्टींत जातात. एक, घरी थाळी वाजवून पाहणे. मूल हालचाल पाहून किंवा हादरा जाणवूनही वळते, म्हणून ही तपासणी धरू नका. दुसरी, 'याचा मामापण उशिरा बोलला होता' हा दिलासा. मराठवाड्यात मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्ने अजून होतात. अशा नात्यात बहिरेपणाचा एकच सदोष जनुक दोन्हीकडून बाळाकडे येऊ शकतो. तेव्हा मामा उशिरा बोलला होता, हे तर लवकर तपासणीचेच कारण आहे.

बाळ जन्मले तिथेच ओएई तपासणी मागा. शंका आली तर बेरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत येते, त्यांना दाखवा. नाहीतर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा विभाग आहेच.

शस्त्रक्रियेनंतरची थेरपी ही माझ्या मते योजनेची सर्वांत कच्ची बाजू. कागदावर ती आहे. पण स्पीच थेरपिस्ट शहरात आणि मूल तांड्यावर. दर फेरीला आईची मजुरी बुडते. मॅपिंगसाठी मुंबई गाठायची तर नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाने कोपीवर प्रोसेसर चार्ज कुठे करायचा? आठवड्यातून एक दिवस थेरपिस्ट तालुक्याच्या रुग्णालयात बसला, तर आणखी शंभर यंत्रे वाटण्यापेक्षा जास्त फायदा होईल, असे मला वाटते.

तोवर खरी थेरपिस्ट आईच. भाकरी थापताना, अंघोळ घालताना, शेळीला पाला टाकताना मुलाशी बोलत राहायचे. टीव्ही बंद ठेवून, जवळ बसून. पालक विचारतात, कोणत्या भाषेत? घरात बोलता त्याच. लमाणी असो, तेलुगू असो, दखनी असो. आईला जी भाषा अडखळत येते, तिच्यातून मूल नीट शिकत नाही. पुस्तकी मराठी शाळेत येईल.

खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती मला पटत नाही. भाषेविना गेलेली वर्षे त्याहून जास्त नुकसान करतात. शस्त्रक्रियेची वाट पाहतानाही खुणांनी बोला. आठ-दहा वर्षांच्या, जन्मतः बहिऱ्या आणि कधीच भाषा न मिळालेल्या मुलाला इम्प्लांटने बोलणे क्वचितच येते. त्याच्यासाठी कर्ज काढू नका. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, ती मुलासोबत घरातल्यांनीही शिकावी. (आणि 'मूकबधिर' हा शब्द सोडा. या मुलांचा आवाज बहुधा शाबूत असतो.)

शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी हे विचारून घ्या: मॅपिंग कुठे आणि किती वेळा होणार, वॉरंटी किती वर्षांची, ती संपल्यावर केबल-बॅटरीचा खर्च किती, पुढे एमआरआयची वेळ आली तर काय. न्यूमोकोकल लस आधी घ्यावी लागते, कारण इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. लसीकरणाचे कार्ड सोबत न्या.